अलाबू आणि इक्ष्वाकु : भोपळ्याची कला, भोपळ्याची शेती आणि वैद्याचे कर्तव्य

प्रास्ताविक

अलाबू हे फळ आयुर्वेदाच्या अभ्यासकास तीन ठिकाणी भेटते. शाकवर्गात ते आहारद्रव्य आहे, कल्पस्थानात वामक द्रव्य आहे आणि शल्यतंत्रात रक्तमोक्षणाचे यंत्र आहे. महाविद्यालयात हे तीन विषय वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या अध्यापकांकडून शिकविले जातात. त्यामुळे ही तिन्ही एकाच वेलाची रूपे आहेत, हे आपल्या मनात क्वचितच एकत्र उभे राहते. शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या अंगणात मात्र ती एकत्रच नांदतात. एकाच मांडवावर भाजीचा दुधी आणि वाद्याचा तुंबा चढलेला असतो.

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील वारली, ठाकर, कातकरी व कोळी समाजाच्या पाड्यांवर कुडाला टेकून भोपळ्याचे वेल लावण्याची रीत जुनी आहे. सुगीनंतर वाळलेले भोपळे उतरविले जातात आणि तारपा करणारे, भोपळे लावणारे शेतकरी व अलीकडे शहरांतून येणारे हौशी कलाकार यांच्या भेटीगाठी होतात. तानसा परिसरातील अशा एका अनौपचारिक बैठकीस आम्ही उपस्थित होतो. तेथे नाना आकारांचे भोपळे मांडले होते. कोणी कोरीव दिवे केले होते, कोणी गेरू व तांदळाच्या पिठाने चित्रे काढली होती. निरोप घेताना प्रत्येकाने दुसऱ्याकडचे चार-दोन दाणे बी पुरचुंडीत बांधून घेतले. ते बी कडू भोपळ्याचे की गोड भोपळ्याचे, याची खूण मात्र एकाही पुरचुंडीवर नव्हती.

वैद्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे. त्या बैठकीत आम्हांस तीन प्रश्न विचारण्यात आले. त्यांची उत्तरे शास्त्राच्या आणि आजच्या ज्ञानाच्या आधारे वैद्यबंधू-भगिनी व औषधनिर्मात्यांपुढे ठेवणे, हा या लेखाचा हेतू आहे.

कलेस कोणता भोपळा लागतो?

वारल्यांचा तारपा म्हणजे मुळात एक वाळलेला लांबट भोपळाच होय. त्यास पाडलेल्या छिद्रातून वादक फुंकर घालतो आणि हवा पोकळीत साठते. दुसऱ्या बाजूस जिभल्या बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या असतात, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा असतो आणि सांधे मेणाने बंद केलेले असतात. जव्हार तालुक्यातील वाळवंडा येथील ज्येष्ठ तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारख्या कलावंतांमुळे हे वाद्य महाराष्ट्राबाहेरही ओळखले जाते. जव्हार, मोखाडा, वाडा हे तालुके १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेले, तर शहापूर व मुरबाड ठाणे जिल्ह्यात राहिले. भोपळ्याच्या बियाण्याची देवघेव मात्र जिल्ह्याची सीमा पाळत नाही.

महाराष्ट्रात भोपळ्याची अशी शेती दुसऱ्या एका टोकाला अधिक व्यवस्थित होते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांसाठी लागणारे मोठे भोपळे सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर-मंगळवेढे भागातून येतात. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा या शेतकऱ्यांच्या श्रमाकडेही लोकांचे लक्ष वेधले गेले. बस्तरमध्ये तापलेल्या सुरीने भोपळ्यावर नक्षी उठवितात आणि त्या कलेस ‘तुमा’ असेच म्हणतात.

या सर्व कलांस जाड सालीचा, वजनास हलका व वर्षानुवर्षे न किडणारा भोपळा हवा असतो. असे भोपळे बहुतांशी कडू जातीचे असतात. स्वयंपाकघरास मात्र पातळ सालीचा, कोवळा व गोड दुधी लागतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही एकच जाती आहे, तिचे नाव लॅजिनेरिया सायसेरारिया. दोघांचीही फुले पांढरी असतात, पाने सारखीच आणि कोवळेपणी फळेही पुष्कळदा सारखीच दिसतात. फरक केवळ रसात आहे, आणि रस डोळ्यांना दिसत नाही.

शास्त्रातील दोन भोपळे

आपल्या ग्रंथकारांनी हा भेद स्पष्ट ठेवला आहे. निघंटूंमध्ये मिष्टतुंबी व कटुतुंबी यांचे गुण स्वतंत्र सांगितले आहेत. मिष्टतुंबी गुरू, हृद्य, वृष्य व धातुपुष्टिकर आहे. कटुतुंबी तिक्तरसाची व कटुविपाकाची असून तिचे मुख्य कार्य शोधनाचे आहे. चरकाचार्यांनी तिलाच इक्ष्वाकु म्हटले आहे. लम्बा, कटुकालाबू, तुम्बी, पिण्डफला व फलिनी हे तिचे पर्याय आहेत.

कल्पस्थानातील सहा वामक द्रव्यांपैकी इक्ष्वाकु हे तिसरे. मदनफलाचे १३३, जीमूतकाचे ३९, इक्ष्वाकूचे ४५, धामार्गवाचे ६०, वत्सकाचे १८ व कृतवेधनाचे ६० असे वमनाचे एकूण ३५५ योग सांगितले आहेत. कास, श्वास, विष, छर्दी व ज्वर यांनी पीडित, कफाने कृश झालेल्या रुग्णास वमनार्थ इक्ष्वाकु योजावा असा निर्देश आहे. त्याच वेळी मदनफल सर्व वामकांत श्रेष्ठ म्हटले आहे आणि त्याचे कारण ‘अनपायित्व’, म्हणजे त्यापासून अपाय होण्याचा संभव कमी, असे दिले आहे. याचाच दुसरा अर्थ असा की उरलेली पाच द्रव्ये अधिक सावधपणे हाताळावयाची आहेत. इक्ष्वाकूचे वीर्य फळागणिक बदलते, ही आजच्या वैद्यास जाणवणारी अडचण आहे. म्हणूनच प्रत्यक्ष व्यवहारात पंचकर्म करणारे बहुतेक वैद्य मदनफलच वापरतात.

या ४५ योगांपैकी दोन योग भोपळ्याच्या कलाकारास थेट लागू पडतात. बैठकीतील पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यांतच आहेत.

प्रश्न पहिला : वाळलेल्या भोपळ्यातून पाणी किंवा ताक प्यावे का?

हौशी कलाकारांमध्ये भोपळ्याचे पेले, तांबे व पाण्याच्या बुधल्या करण्याची आवड वाढली आहे. साधूंचे कमंडलू व गुराख्यांचे तुंबे पूर्वीपासून वापरात होते, मग भीती कशाची, असे विचारले जाते.

इक्ष्वाकुकल्पात एक योग असा आहे : जुने फळ घेऊन त्याचा गाभा काढावा, त्या पोकळीत दूध ठेवावे आणि त्याचे दही झाले म्हणजे ते कफज कास, श्वास व वमी यांत प्यावयास द्यावे. यातील तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. फळ जुने आहे, गाभा काढलेला आहे आणि दूध केवळ त्या पोकळीत राहिले आहे. भोपळा दुधात शिजविलेला नाही, वाटून घातलेलाही नाही. तरीही ते दही शोधनाचे काम करते. म्हणजे गाभा काढलेल्या जुन्या कडू भोपळ्याच्या भिंतीतूनही त्याचे वीर्य आतील द्रवात उतरते, हे आचार्यांनी पाहिले होते आणि त्याचाच योग बनविला होता.

आज आपण त्या वीर्यास कुकुरबिटॅसिन या तिक्त द्रव्यसमूहाच्या नावाने ओळखतो. शिजविल्याने किंवा धुतल्याने ते खात्रीने नाहीसे होत नाही. कडू भोपळा सर्व तीर्थांत बुडवून आणला तरी कडूच राहिला, ही कथा वारकरी कीर्तनात आपण ऐकलेली आहे. कीर्तनकार तिचा उपयोग अंतःशुद्धीचा बोध करण्यासाठी करतात, परंतु तिच्यातील द्रव्यगुणही तितकाच खरा आहे.

म्हणून कलाकारांस आमचा सल्ला असा :

१. कडू भोपळ्याची वस्तू वाद्य, दिवा किंवा शोभेपुरतीच ठेवावी. तीत अन्न, पाणी, दूध वा ताक ठेवू नये. आंबट व स्निग्ध पदार्थ तर मुळीच ठेवू नयेत.

२. पेला वा बुधली करावयाची असल्यास गोड जातीचा, बी पूर्णपणे पिकू देऊन वेलावरच वाळलेला भोपळा निवडावा. आतील गाभा व पांढरा पापुद्रा खरवडून काढावा, काही दिवस पाणी बदलत भिजत ठेवावे आणि शेवटच्या पाण्याचा थेंब जिभेवर ठेवून पाहावा. किंचितही कडवटपणा जाणवल्यास ते पात्र पिण्यासाठी वापरू नये.

३. रंग, रोगण किंवा लाख लावलेला भाग ओठास व अन्नास लागणार नाही याची काळजी घ्यावी.

४. तारपावादकाचे तोंड तासन्‌तास भोपळ्यावर असते. नवा तारपा घडविताना फुंकण्याचे छिद्र व आतील पोकळी नीट खरवडलेली व पूर्ण वाळलेली असावी. फुंकण्याच्या तोंडाशी मेणाचा थर दिल्यास कडवटपणा ओठास लागण्याचे टळते.

प्रश्न दुसरा : भोपळा कोरताना मळमळ व खोकला का येतो?

हा प्रश्न एका तरुण कलाकाराने विचारला. वाळलेला भोपळा करवतीने कापून आतून घासू लागले की घसा खवखवतो, शिंका येतात, तोंड कडू होते आणि कधी उलटीची भावना होते, असे अनेकांनी सांगितले.

याचे उत्तरही त्याच अध्यायात आहे. सुकुमार व सुगंधाची आवड असलेल्या व्यक्तीस औषध प्यावयास न देता वमन घडवावयाचे असल्यास तुंबीच्या फळाचा रस वाळवून, तो फुलांसह चूर्ण करून माळेवर भुरभुरावा आणि ती माळ हुंगावयास द्यावी, असा योग आहे. केवळ घ्राणमार्गाने गेलेल्या चूर्णाने वमन होते. मग बंद खोलीत दिवसभर कोरडा भोपळा घासणाऱ्याच्या नाकातोंडात जाणारी भुकटी मळमळ उत्पन्न करील, यात नवल ते काय? त्याशिवाय आत बुरशी धरलेली असेल तर श्वासाच्या रुग्णास तिचा वेगळा त्रास होतो.

अशा तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णास केवळ प्रतिश्याय वा कास समजून औषध देण्यापूर्वी त्याच्या हातातील काम कोणते, हे विचारावे. निदानपरिवर्जन येथे सोपे आहे. भोपळा कोरण्यापूर्वी आतून ओला करावा, म्हणजे भुकटी उडत नाही. काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करावे. नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी. कामानंतर हातपाय व तोंड धुतल्याशिवाय जेवू नये. गर्भिणी, तमकश्वासाचे रुग्ण व लहान मुले यांनी कडू भोपळा कोरण्याचे काम करू नये. घासून निघालेली भुकटी व गाभा गुरांच्या गव्हाणीत किंवा कोंबड्यांपुढे टाकू नये, खड्ड्यात पुरावा.

प्रश्न तिसरा : परसातला गोड दुधी कडू कसा झाला?

तिन्ही प्रश्नांत हा सर्वांत गंभीर आहे. एका शेतकऱ्याचे म्हणणे असे की, अनेक वर्षे घरचेच बी धरत असूनही यंदा दुधी कडू निघाला. शेजारच्या वेलावरून ‘वारा लागला’, अशी त्याची समजूत होती. ही समजूत अर्धी बरोबर आहे, आणि उरलेली अर्धी नीट समजावून सांगणे आवश्यक आहे.

भोपळ्याच्या वेलावर नर व मादी फुले वेगळी येतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ असते, त्यावरून ते ओळखता येते. फुले संध्याकाळी उमलतात व दुसऱ्या दिवशी कोमेजतात. पराग वाहून नेण्याचे काम वाऱ्यापेक्षा पतंग व मधमाश्या करतात आणि त्या बरेच अंतर जातात. जवळपास कडू भोपळ्याचा वेल असेल तर त्याचे पराग गोड वेलाच्या मादी फुलावर पडतात. त्या वर्षीचे फळ मात्र गोडच राहते, कारण फळाचा गर मातृवेलाचा असतो. फरक पडतो तो त्या फळातील बियांमध्ये. कडूपणाचा गुण गोडपणावर मात करतो, त्यामुळे पुढील वर्षी ते बी लावले की निघणारे वेल कडू फळे देतात. संकर एका वर्षी होतो आणि त्याचे फळ दुसऱ्या वर्षी ताटात येते. म्हणूनच शेतकऱ्यास कारण सापडत नाही.

आता बैठकीतील पुरचुंड्यांचा विचार करावा. शहरातून आलेला कलाकार तारप्याच्या भोपळ्याचे बी घेऊन जातो, गच्चीत किंवा शेतघरी लावतो. शेजारी कोणी भाजीचा दुधी लावलेला असतो. दोन वर्षांनी त्या शेजाऱ्याच्या घरी धरलेल्या बियांतून कडू दुधी निघतो. हा शेजारी जर ‘हृदयास चांगला’ म्हणून रोज सकाळी दुधीचा रस घेणारा असेल, आणि ‘कडू ते औषध’ या समजुतीने तो घोट गिळून टाकणारा असेल, तर त्याचा परिणाम काय होईल, हे आपण सांगण्याची गरज नाही.

कडू दुधीचा रस : वैद्याने विसरू नये असे

२०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस घेतल्यानंतर एका व्यक्तीचा मृत्यू झाला आणि या विषयाकडे देशाचे लक्ष वेधले गेले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचे निष्कर्ष २०१२ साली परिषदेच्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. रस घेतल्यानंतर अल्पावधीत पोटात तीव्र वेदना, उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी व रक्तदाब घसरणे ही लक्षणे आढळली. अन्ननलिका, आमाशय व ग्रहणीच्या अंतस्त्वचेस व्रण पडल्याचे दुर्बिणीच्या तपासणीत दिसले. यावर विशिष्ट प्रतिविष उपलब्ध नाही. रस काढण्यापूर्वी फोडीची चव घ्यावी, कडू असल्यास टाकून द्यावी, दुधीचा रस इतर कशात मिसळू नये आणि त्रास होताच रुग्णालय गाठावे, असा समितीचा सल्ला आहे.

वैद्यांनी ही लक्षणे आपल्या भाषेत वाचावीत. हा वमन-विरेचनाचा अतियोग आहे आणि रक्त पडू लागणे म्हणजे सिद्धिस्थानातील व्यापदांपैकी जीवादान होय. पूर्वकर्म नाही, मात्रा नाही, कोष्ठाचा विचार नाही आणि शोधन द्रव्य उपाशीपोटी पेलाभर घेतले गेले आहे. शास्त्राने ज्या इक्ष्वाकूस स्नेहन-स्वेदनानंतर, वैद्याच्या समक्ष, मोजून द्यावयास सांगितले, तोच ‘आरोग्याचा रस’ म्हणून घरोघरी घेतला जातो. येथे दोष द्रव्याचा नाही. गोड व कडू यांतील भेद न पाळण्याचा आहे.

यावरून चिकित्सकांसाठी पुढील नियम निघतात :

१. दुधीचा रस सुचविताना ‘आधी फोड जिभेच्या टोकावर ठेवून पाहा, कडू लागल्यास थुंकून संपूर्ण फळ टाकून द्या’ हे वाक्य औषधपत्रावर लिहून द्यावे. तोंडी सांगितलेले घरी पोहोचेपर्यंत अर्धे विसरले जाते.

२. प्रत्येक फळाची चव स्वतंत्र घ्यावी. काल त्याच वेलाचा दुधी गोड निघाला म्हणून आजचा गृहीत धरू नये.

३. कारले, आवळा, आले वा पुदिना घालून रस करू नये. कारल्याच्या कडूपणात दुधीचा कडूपणा लपतो आणि जिभेचा पहारा उठतो. लिंबू-मीठ घालून कडूपणा मारणेही तितकेच घातक आहे.

४. रस घेऊन उलट्या व पोटदुखी झालेला रुग्ण आल्यास त्यास पुन्हा वमन देऊ नये, ‘दोष निघून जात आहेत’ म्हणून वाट पाहू नये. नाडी व रक्तदाब पाहून, शिरेतून द्रव देण्याची सोय असलेल्या ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयात त्वरित पाठवावे. दूरच्या पाड्यावरून १०८ ची रुग्णवाहिका येण्यास वेळ लागतो, हे लक्षात ठेवून लक्षणे सौम्य असतानाच बोलवावी.

बी वेगळे ठेवण्याचे साधे उपाय

प्रमाणित बियाण्यांच्या मानकांनुसार वेलवर्गीय भाज्यांत पायाभूत बियाण्यासाठी १००० मीटर व प्रमाणित बियाण्यासाठी ५०० मीटर विलगीकरण अंतर राखावे लागते. पाड्यावर घराला घर लागून असते, तेथे हे शक्य नाही. त्यावर हाताने परागीभवन हा उपाय आहे. ज्या वेलाचे बी धरावयाचे त्यावरील, त्याच संध्याकाळी उमलणारी एक मादी व दोन नर कळ्या दुपारीच पातळ कापडाच्या पिशवीत बांधाव्यात. फुले उमलल्यावर नर फुलाचा पराग मादी फुलास हलकेच लावावा आणि मादी फूल पुन्हा बांधून ठेवावे. फळ धरल्यावर देठास धागा बांधून खूण करावी. बी केवळ त्या फळाचेच धरावे. एका वेलावरील एका फळातून घरापुरते भरपूर बी मिळते.

अक्षरओळख कमी असलेल्या घरांत चिठ्ठीपेक्षा धाग्याची खूण बरी. कडू भोपळ्याच्या बियांच्या पुरचुंडीस तांबडा धागा व गोड भोपळ्याच्या पुरचुंडीस पांढरा धागा बांधावा, अशी सूचना आम्ही बैठकीत मांडली आणि उपस्थितांस ती पटली. खात्री नसलेले बी तांबड्या धाग्यातच जावे. भोपळ्याच्या कलेच्या प्रत्येक भेटीत, प्रदर्शनात वा कार्यशाळेत हा एक संकेत रुळला, तर कलेसही बाध येणार नाही आणि स्वयंपाकघरासही. तारप्याचा कडू भोपळा टिकलाच पाहिजे. त्यास विषारी ठरवून उपटून टाकण्याचा सल्ला कोणी वैद्य देईल तर तो एका वाद्याचे व एका औषधाचे एकदम नुकसान करील.

औषधनिर्मात्यांसाठी

इक्ष्वाकूची मागणी थोडी असली तरी पंचकर्म केंद्रांकडून व महाविद्यालयांकडून ती येत असते. बाजारातून घेताना नावाचा घोटाळा प्रथम सोडवावा. राजस्थानकडील व्यापारी ‘तुंबा’ म्हणतात ते इंद्रवारुणीचे फळ असते. ते विरेचक असून वामक इक्ष्वाकूच्या जागी चालणार नाही. आपल्याकडे नुसते ‘भोपळा’ म्हटल्यास तांबडा भोपळाही दिला जातो. म्हणून मागणीपत्रावर ‘कटुतुंबी, लॅजिनेरिया, कडू’ असे स्पष्ट लिहावे. बिया आकाराने चपट्या, लांबट व टोकाशी किंचित रुंद, कडेस उंचवटे असलेल्या असतात. केवळ बियांवरून गोड-कडू ठरत नाही, म्हणून फळासह नमुना मागवावा.

कलेतील टाकाऊ भाग औषधासाठी घेण्याचा मोह टाळावा. रंगविलेल्या, रोगण लावलेल्या किंवा बुरशी धरलेल्या भोपळ्याचा गाभा व बिया कोणत्याही परिस्थितीत घेऊ नयेत. कलेसाठी भोपळा वेलावर पूर्ण वाळू दिला जातो. औषधासाठी मात्र ग्रंथात फुले न आलेल्या वेलाचे कोवळे शेंडे, फुले, फळे असे निरनिराळ्या अवस्थांतील अंग सांगितले आहे. म्हणून शेतकऱ्यास लागवडीपूर्वीच काय व केव्हा हवे, हे सांगावे.

इक्ष्वाकु कुंपणावर व बांधावर लावता येतो, त्यासाठी रानात जाण्याची गरज नाही. तानसा अभयारण्याच्या हद्दीतून कोणतीही वनस्पती गोळा करण्यावर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ ची बंधने आहेत, हे संग्राहकांस सांगणे आपले काम आहे. शहापूर येथील आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेच्या वनधन केंद्राने गुळवेलीचा पुरवठा मोठ्या औषध कंपन्यांपर्यंत नेला आहे. संघटित संग्राहक, ठरलेला दर्जा व लेखी मागणी असली की पाड्यावरील माणूस पुरवठादार होऊ शकतो, हे त्यावरून दिसते. इक्ष्वाकूची गरज फार थोडी असल्याने तेथे काही मोजकी घरेही पुरतील.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(१) मधील विषद्रव्यांच्या यादीत इक्ष्वाकूचे नाव नाही. त्यावरून ते निर्धोक आहे, असा निष्कर्ष काढू नये. आमच्या मते डबीवर ‘वैद्याच्या देखरेखीखाली वमनार्थ’ असे लिहिलेले असावे आणि सुटी विक्री करू नये.

शल्यतंत्रातील अलाबू

सुश्रुताचार्यांनी वातदूषित रक्तासाठी शृंग, पित्तदूषितासाठी जलौका व कफदूषितासाठी अलाबू सांगितला. अलाबू कटू, रूक्ष व तीक्ष्ण असल्याने तो कफाच्या विरुद्ध पडतो. अष्टांगहृदयात अलाबुयंत्राची लांबी १२ अंगुळे, घेर १८ अंगुळे व तोंड ३ ते ४ अंगुळे दिले आहे. म्हणजे अंदाजे २३ सेंटिमीटर लांब व ३५ सेंटिमीटर घेराचा भोपळा. आत ज्योत पेटवून हवा विरळ केली की यंत्र त्वचेस घट्ट बसते. ग्रामीण मराठीत या क्रियेस ‘तुंबडी लावणे’ म्हणतात. वैदूंनी पुढे शिंग वापरले तरी नाव तुंबीचेच राहिले.

आज रुग्णावर भोपळा वापरावा असे आम्ही म्हणणार नाही. त्याची साल सच्छिद्र असते आणि तो रक्तसंपर्कानंतर निर्जंतुक करता येत नाही. काचेची किंवा एकदाच वापरावयाची साधने तेथे योग्य आहेत. परंतु योग्यासूत्रीय अध्यायात छेद्यकर्माचा सराव ज्या फळांवर करावयास सांगितला त्यांत अलाबू आहे, एषणाचा सराव वाळलेल्या अलाबूच्या मुखावर आहे आणि बस्तिनेत्र बसविण्याचा सरावही पाण्याने भरलेल्या घटाच्या व अलाबूच्या मुखावर आहे. विद्यार्थ्याच्या हातास वळण देणारे हे फळ आमच्या पाड्यांवर आजही पिकते. आकाराने वाकडे म्हणून कलाकार नाकारतात ते भोपळे शल्य व पंचकर्म विभागांनी सरावासाठी विकत घ्यावेत. शेतकऱ्यास दोन पैसे अधिक मिळतील आणि विद्यार्थ्यास ग्रंथातील वाक्य हाताने वाचता येईल.

समारोप

भोपळ्याचे उत्पादक व कलाकार एकत्र येतात तेथे वैद्यास बोलावणे येतेच असे नाही. तरीही आपल्या तालुक्यात अशी भेट असेल तर तेथे जावे, बियांच्या पुरचुंड्या पाहाव्यात, एक फोड स्वतः चाखून दाखवावी आणि तांबडा-पांढरा धागा बांधून द्यावा. भाषणापेक्षा हे अधिक उपयोगी पडेल. आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या प्रत्येक दुधीरसप्रेमीस आधी चव घेण्यास सांगावे. जिव्हा हे द्रव्यपरीक्षेचे पहिले साधन आहे. ते वैद्याजवळ आहे, शेतकऱ्याजवळ आहे आणि रुग्णाजवळही आहे. ते वापरावयाची सवय लावणे, एवढेच आपणांकडून अपेक्षित आहे.